माऊस घेताना, चार्जर घेताना



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न दोनच असतात. मुलाने पुढे काय करावे, आणि लॅपटॉप कोणता घ्यावा? लॅपटॉपसाठी माणसे चार दुकाने फिरतात, भावकीतल्या शिकलेल्या पोराला सोबत नेतात, पतपेढीतून कर्ज काढतात. पण त्याच्याबरोबर लागणारा माऊस, चार्जर, कीबोर्ड, पिशवी या वस्तूंबद्दल कोणी काही विचारत नाही. दुकानदार जे काउंटरवर ठेवील ते आपण घेऊन येतो. आम्हीही तेच केले. त्याचा जो परिणाम झाला तो सांगताना आम्हाला कमीपणा वाटतो. तथापि पैसा समाजाचा होता, आणि जीव लेकरांचे होते, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत मंडळाने अभ्यासिका चालविली आहे. तेथे चार लॅपटॉप आहेत, चारही जुने, नोकरीला लागलेल्या मुलांनी दिलेले. त्यातल्या एकाचा चार्जर बंद पडला. मंडळाने घरटी वीस रुपये गोळा केले आणि चार्जर आणण्याचे काम आमच्याकडे आले, कारण आम्ही कारकून, हिशेबाला पक्के, असा लोकांचा समज. दुकानात कंपनीचा चार्जर पंधराशेच्या पुढे सांगितला. त्याच्याच शेजारी तसाच दिसणारा एक साडेचारशेला होता. दुकानदार म्हणाला, “साहेब, माल तोच, फक्त खोका नाही.” आम्ही हजार रुपये वाचविल्याच्या आनंदात तो घेऊन आलो. बिल मागितले नाही. दिवसभर कार्यालयात दुसऱ्यांची बिले तपासणाऱ्या माणसाने स्वतः बिल घेतले नाही!

चार-सहा दिवसांनी आठवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, त्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात.” आम्ही म्हणालो, “काही नाही होत, पायात चप्पल घालून बस.” आणि विषय संपविला. अकराव्या दिवशी संध्याकाळी खोलीत नऊ मुले असताना जळका वास सुटला. चार्जरचे आवरण एका बाजूने वितळून वाकले होते. एका मोठ्या मुलाने प्रसंगावधान राखून आधी भिंतीवरचे बटण बंद केले आणि मग वायर ओढली. कोणाला इजा झाली नाही. लॅपटॉप मात्र गेला. दुरुस्तीवाल्याने चार हजार आठशे सांगितले, जे त्या जुन्या यंत्राच्या किमतीएवढेच होते.

रविवारी वंदना झाल्यावर आम्ही उभे राहून सर्व सांगितले. कोणी रागावले नाही. फक्त त्या मुलीची आई, जी चार घरची धुणीभांडी करते, ती म्हणाली, “तिनं तुम्हाला सांगितलं होतं ना, भाऊ?” त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही वस्तीतल्या वायरमन बंधूला बोलावून सारे समजून घेतले. दोन चुका एकत्र आल्या होत्या. मूळ चार्जरला तीन पिनांचा प्लग होता; बाजारातल्याला दोनच. आणि भिंतीवरच्या बोर्डाला तिसरे भोक होते खरे, पण त्याच्या मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. तिसरे भोक नुसते शोभेचे! अर्थिंग नसेल तर चांगल्या चार्जरच्या लॅपटॉपलाही हात लावल्यावर थोड्या मुंग्या येऊ शकतात. त्या सहसा जीवघेण्या नसतात. पण चार्जर नकली असेल तर भिंतीतला २३० व्होल्टचा प्रवाह आणि लॅपटॉपकडे जाणारा १९ व्होल्टचा प्रवाह यांच्यामध्ये जो आडपडदा असतो, तोच कच्चा असतो. तो फुटला तर भिंतीतली वीज सरळ मुलाच्या हातात येते. म्हणून मुंग्या येतात असे मुलाने सांगितले की लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि बोर्ड तपासून घ्यावा. चपलेचा उपाय सांगू नये.

आता चार्जर कसा निवडावा ते सांगतो. जुन्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ असे लिहिलेले असते. समजा तेथे १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर आहे. दोन्हींचा गुणाकार करा, सुमारे ६५ येतो. तो झाला ६५ वॅटचा चार्जर. नव्या चार्जरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा लावला तर तो तापतो आणि लॅपटॉप रडतखडत चालतो. पिनेची जाडीही जुळली पाहिजे. काही कंपन्यांच्या पिनेच्या मध्यभागी सुईसारखी बारीक तार असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. ओळख पटली नाही तर यंत्र चालू होते पण बॅटरी भरत नाही. दुकानात जाताना जुना चार्जर आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन जावे, हे उत्तम.

नवीन लॅपटॉपला मोबाईलसारखी सी टाइप वायर येते. तिथे चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून ५, ९, १५ की २० व्होल्ट ते ठरवतात, त्यामुळे व्होल्टची चिंता कमी. पण वॅट पाहावेच लागतात. मोबाईलच्या लहान चार्जरवर लॅपटॉप भरत नाही म्हणून कंपनीला दोष देणारे आम्ही पाहिले आहेत. वायरही साधी चालत नाही. साधारण सी टाइप वायर ६० वॅटपर्यंतची असते, त्याहून जास्तीसाठी ५ अँपिअरची वेगळी वायर घ्यावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचे ते पुढे. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. सक्तीच्या नोंदणीचा मूळ आदेश २०१२ सालचा. चार्जरच्या अंगावर ब्यूरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक (अनेक अडॅप्टरवर तो आय.एस. १३२५२ असतो) आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. नकली मालवालेही आकडे छापतात, म्हणून नुसते आकडे पाहून भागत नाही. ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ हे अ‍ॅप मोबाईलवर फुकट मिळते. त्यात तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणत्या कंपनीची व कोणत्या वस्तूची ते दिसते. आम्ही जळालेल्या चार्जरवर शोधले. ‘आर’ क्रमांक नव्हताच. वजनालाही तो हलका होता. मूळ चार्जर हातात घेतल्यावर फरक कळतो. हे दोन मिनिटांचे काम दुकानात उभ्या उभ्या होते, आणि दुकानदाराने तोंड वाकडे केले तर ते दुकान सोडावे.

बिल घेतल्याशिवाय यायचे नाही. बिलात जीएसटी धरला की वस्तू महाग पडते म्हणून “बिल नको ना?” असे विचारले जाते आणि आपण मान हलवतो. बिल असते तर आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली असती. बिल नव्हते, मग कशाच्या जोरावर बोलणार?

आता माऊसकडे येतो. ही वस्तू अमेरिकेतल्या डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून निघाली. १९६४ साली त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी लाकडाच्या ठोकळ्याला खाली दोन चाके लावून पहिला नमुना बनविला. मागे शेपटीसारखी वायर, म्हणून उंदराचे नाव. जगातल्या कोट्यवधी टेबलांवर ही वस्तू गेली, पण एंगलबार्टना तिच्यावर रॉयल्टी मिळाली नाही. आम्ही संगणक शिकलो तेव्हा माऊसच्या पोटात रबराचा गोळा असे. तो मळला की बाण जागचा हलत नसे, मग गोळा काढून आतल्या दांड्यांवरचा मळ नखाने खरवडायचा. आताचे माऊस प्रकाशावर चालतात. त्यांना गोळा नाही, पण काचेवर आणि चकचकीत पृष्ठभागावर ते बावचळतात. त्यासाठी दोनशे रुपयांचे पॅड घ्यायलाच हवे असे नाही. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कोऱ्या बाजूने ठेवला तरी काम चालते. बाण उड्या मारू लागला तर माऊस उलटा करून भिंगात केस अडकला आहे का ते पाहावे. दहापैकी आठ वेळा तेच निघते.

वायरचा घ्यावा की बिनवायरचा? आमचे मत स्पष्ट आहे. घरात लहान मुले असतील, यंत्र चौघांत मिळून वापरायचे असेल, तर वायरचाच घ्यावा. तो साधारण तीन-चारशे रुपयांत नावाजलेल्या कंपनीचा मिळतो, त्याला सेल लागत नाही, आणि तो कोणाच्या खिशातून घरी जात नाही. बिनवायरच्या माऊसबरोबर नखाएवढा रिसीव्हर येतो. साध्या माऊसमध्ये तो हरवला की माऊसही कामातून गेला असे समजा. अभ्यासिकेत आमचे दोन असेच गेले, एकाचा रिसीव्हर केरातून गेला असावा. ज्याला रोज लॅपटॉप घेऊन फिरायचे आहे त्याने बिनवायरचा जरूर घ्यावा, पण काम झाल्यावर खालचे बटण बंद करावे आणि रिसीव्हर पोटातल्या खाचेत ठेवावा. बाण अडखळत असेल तर रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून पाहावा. कित्येकदा शेजारच्या पोर्टमधल्या पेनड्राइव्हचा किंवा हार्डडिस्कचा अडथळा होतो.

खोक्यावर डीपीआयचे मोठमोठे आकडे छापलेले असतात, ३२००, ६४००, त्याहून पुढेही. त्यांना भुलू नये. माऊस एक इंच सरकल्यावर बाण किती सरकेल त्याचे ते माप आहे. फॉर्म भरणे, हिशेब, टायपिंग या कामांना ८०० ते १६०० पुष्कळ झाले. रंगीत दिवे लागणारा माऊस मुलांना हवा असतो, पण त्या दिव्यांनी एक्सेलची बेरीज लवकर होत नाही. त्यापेक्षा माऊस हातात धरून पाहावा. तळवा त्यावर सैल विसावला पाहिजे. लहान पडला तर बोटे चिमटीत आवळली जातात, फार मोठा असेल तर मनगट ताणते. आठवी-नववीच्या मुलाला मोठ्या माणसाचा माऊस देणे म्हणजे बापाची चप्पल घालून शाळेत पाठविण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अभ्यासिकेतला एक मुलगा डावखुरा आहे. तो माऊस उजवीकडे धरून चुकत असे आणि बाकीची मुले हसत. विचारले तर म्हणाला, “शिकवणीतल्या मॅडम म्हणाल्या, डाव्या हाताने यंत्र चालत नाही.” हे साफ चूक आहे. माऊसला डावा-उजवा कळत नाही. डाव्या हाताला अपवित्र मानणारी ती जुनी समजूत आपल्या लेकरांच्या संगणकापर्यंत पोहोचावी, याचे आम्हाला वाईट वाटले. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माऊस घ्या, अंगठ्यासाठी एकाच बाजूला खाच असलेला घेऊ नका, आणि कीबोर्डच्या डावीकडे ठेवा. बटणांची अदलाबदल हवी असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात माऊस, आणि तेथे प्रायमरी माऊस बटन ‘राइट’ करावे. यंत्र सर्वांचे असेल तर अदलाबदल न करता नुसती बाजू बदलली तरी आठ दिवसांत सवय होते. त्या मुलाला झाली. आता हसणारे त्याच्याकडे एक्सेल शिकायला बसतात.

हाताच्या दुखण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्या अनेक मुली घरी बसून डेटा एन्ट्रीची कामे घेतात. फॉर्ममागे पैसे मिळतात, म्हणून त्या रात्री बारापर्यंत बसतात. आमच्या गल्लीतली एक ताई सहा महिने लॅपटॉपच्या टचपॅडवर एका बोटाने काम करीत होती. माऊसचे चारशे रुपये वाचवीत होती. रात्री झोपेत तिचा अंगठा आणि पहिली दोन बोटे बधिर होऊन जाग येऊ लागली. घरच्यांनी तेल चोळले, कोणी लसणाचा उपाय सांगितला. शेवटी सरकारी रुग्णालयात नेले, तेव्हा मनगटातली शीर दबली जात असल्याचे समजले. वेळेत गेल्यामुळे पट्टा आणि विश्रांतीवर भागले. अशा मुंग्या, बधिरपणा, हातातून वस्तू निसटणे हे सुरू झाले की थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

मनगट वर वाकलेले किंवा बाजूला मुरडलेले नको, सरळ हवे. कोपर अंगाजवळ. माऊस कीबोर्डच्या शेजारी, त्याच उंचीवर. दहा बाय दहाच्या खोलीत टेबल-खुर्ची कोठून आणायची, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. आपल्याकडे लॅपटॉप लोखंडी पेटीवर ठेवतात आणि माऊस खाली जमिनीवर. त्यामुळे खांदा दिवसभर लोंबकळत राहतो. पेटीवरच पुठ्ठा टाकून माऊसही तेथेच ठेवावा, आणि पाठ भिंतीला टेकवून बसावे. मांडीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवू नये. खालची हवेची छिद्रे बुजतात, यंत्र तापते, पंखा घरघरतो. असा तापलेला लॅपटॉप बॅटरीचेही आयुष्य कमी करतो. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर यंत्र चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू नये, टोचू नये, घंटागाडीतही टाकू नये. दुरुस्तीवाल्याकडून काढून घेऊन ई-कचऱ्यात द्यावी.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली तर मान दुखत नाही. त्यासाठी बाजारात स्टँड मिळतात, पण चार जाड पुस्तकेही चालतात. अभ्यासिकेतल्या मुलांनी तसेच केले, आणि कपाटात सर्वांत जाड दिसले ते शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड. नेमक्या त्याच वेळी आमच्या शेजारच्या आजी दिवाबत्तीला आल्या. “अरे, ज्या पुस्तकांनी आपल्याला वर आणलं, त्यांच्या डोक्यावर हे डबडं ठेवता व्हय?” मुले ओशाळली. सुतारकाम करणाऱ्या एका बंधूंनी दुसऱ्या दिवशी फळीचे चार तुकडे ठोकून फुकट स्टँड करून दिले. खंड कपाटात गेले. आजींचे म्हणणे ते वाचायला काढावेत असेही आहे, त्याकडे मंडळाने लक्ष द्यावे!

लॅपटॉप उंचावर गेला की त्याचाच कीबोर्ड वापरता येत नाही, वेगळा लागतो. पाचशे रुपयांच्या आसपास साधा वायरचा मिळतो, आणि टायपिंगची परीक्षा देणाऱ्याने तो घ्यावाच. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. परीक्षा केंद्रावर बहुतेक ठिकाणी मोठा कीबोर्ड असतो. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर सराव केलेली बोटे तेथे घोटाळतात आणि परीक्षेत वेळ जातो. मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवू नयेत, असे आमचे मत आहे. डोळ्यांना खाली पाहण्याची सवय लागली की वेग वाढत नाही. रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, हे आपली संस्था ज्यावर परीक्षा घेते त्यावरून ठरवावे. दोन्ही एकदम शिकू नये.

बाकीच्या वस्तूंवर फार शाई खर्च करीत नाही. ऑनलाइन वर्गासाठी हेडफोन घ्यावा, पण मोबाईलचा असेल तर तो बहुतेक लॅपटॉपला चालतो, आधी लावून पाहा. कूलिंग पॅड साध्या कामाला लागत नाही. पडद्याला चिकटवायचे कागद, कीबोर्डवरची रबरी चादर हे दुकानदाराच्या फायद्याचे. पिशवी मात्र चांगली घ्या, लोकलच्या गर्दीत स्वस्त पिशवीचा पट्टा तुटलेला आम्ही पाहिला आहे. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जायचे तर सकाळी, निवांतपणे जावे, भाव तीन ठिकाणी विचारावा. खोक्यावर कमाल किंमत, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीचा फोन नंबर छापलेला नसेल तर ती वस्तू परत ठेवावी.

आमच्या अभ्यासिकेचे म्हणाल तर चार्जरचे साडेचारशे आम्ही मंडळाकडे भरले, आणि खोलीतल्या बोर्डाला अर्थिंगची तार जोडून घेतली. मंडळाने एक नोंदवही केली आहे. कोणती वस्तू, कोठून, किती रुपयांना, बिल आहे का, ‘आर’ क्रमांक काय. ती वही त्याच आठवीतल्या मुलीकडे आहे. वस्तू आणली की आधी तिच्यापुढे ठेवायची, तिने मोबाईलवर क्रमांक पाहायचा, मगच भिंतीत प्लग जायचा. आम्ही आणलेला नवा माऊस तिने पहिल्या दिवशी परत पाठविला, कारण बिलावर तारीख नव्हती.

वस्तीतल्या घरांतले चार्जर तपासायला तिने सुरुवात केली आहे. आतापर्यंत सतरा पाहून झाले, त्यांपैकी पाच तिने बाजूला काढले. ज्यांचे राहिले असतील त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर चार्जर घेऊन मागच्या खोलीत यावे. येताना जुने बिल असेल तर तेही आणावे.